मोहल्ल्यात फोटो काढायला निघताना : मुंबईच्या गल्ल्यांतली माणसं टिपू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

सात वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेले. दोन तासांत तीनशेच्या वर फोटो काढले. डोंबिवलीला घरी येऊन बघितले तर पाठमोऱ्या बायका, टोपल्या, बर्फाचे ढिगारे आणि मधूनच एखादा रागावलेला चेहरा. तीनशे फोटोंमधल्या एकाही माणसाचं नाव मला माहीत नव्हतं. त्यानंतर बहुतेक रविवारी मी शहराच्या कुठल्या ना कुठल्या गल्लीत असते. जे शिकायला मला वर्षं लागली ते एका जागी लिहून ठेवते आहे. हे कामावरून सुट्टीच्या दिवशी फिरणाऱ्यांसाठी आहे आणि मोबाइल हाच कॅमेरा असणाऱ्यांसाठीही.

१. एकच मोहल्ला धरा

नवखा माणूस सकाळी ससून डॉक, दुपारी धारावी, संध्याकाळी मोहम्मद अली रोड असा बेत आखतो. असं करू नका. तीन-चार महिने एकच जागा धरा आणि तिथे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा.

कुठली धरायची? तुमच्या भाषेला आणि झोपेला जमेल ती. दादरचा फूलबाजार पहाटेचा आहे, सातनंतर त्याचा जोर उतरतो. भाऊच्या धक्क्यावरचा लिलाव उजाडायच्या आधीच सुरू होतो, आणि जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते तेव्हा तिथे जाऊन हात हलवत परत याल. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीचा हंगाम एप्रिल-मे. घराघरांतून बायका मिरची, धणे, खडा मसाला घेऊन कुटून घ्यायला येतात, नंबर लावून बसतात आणि त्या तासाभरात त्यांना बोलायला भरपूर वेळ असतो. फक्त नाकातोंडाला रुमाल न्या, ठसका लागला की कॅमेरा स्थिर राहत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची घरं आहेत. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस पणत्यांची घाई असते, तेव्हा त्यांच्या पायात येऊ नका. दिवाळी उलटली की जा. माटुंग्याला संध्याकाळी देवळाबाहेर गजरेवाल्या बसतात, तिथे तमिळ कानावर पडते. गिरगावातली खोताची वाडी किंवा माझगावची म्हातारपाखाडी इथे ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या, मूळच्या इथल्याच ख्रिस्ती लोकांची जुनी घरं आहेत. आपण त्यांच्याशी इंग्रजीत सुरू होतो. त्यांची घरची बोली मराठीची आहे हे ध्यानात ठेवा आणि सरळ मराठीत बोला. दार जरा लवकर उघडतं.

२. पहिल्या दोन फेऱ्या रिकाम्या हाताने

कॅमेरा घरी ठेवा. खरंच ठेवा, पिशवीत असला की हात जातोच.

या दोन फेऱ्यांत चहा कुठे मिळतो, सकाळचं ऊन कुठल्या बाजूच्या पायरीवर पडतं, कोण रोज त्याच जागी बसतं आणि गल्लीत कुणाचा शब्द चालतो एवढं बघा. शब्द चालणारा माणूस बहुतेकदा पानवाला, इस्त्रीवाला किंवा वाडीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले एखादे आजोबा असतात. त्यांना स्वतःहून सांगा की मी अमुक, तमुक ठिकाणी राहते, इथल्या लोकांचे फोटो काढायचे आहेत, पुढच्या रविवारी कॅमेरा घेऊन येईन. पुढच्या वेळी कुणी हटकलं तर "ती आपल्याला सांगून आलीय" हे वाक्य तेच बोलतात. माझी निम्मी भांडणं या एका वाक्यामुळे झालीच नाहीत.

वस्तीत पुनर्विकास चालू असेल तर जास्तच सांभाळून. भेंडी बाजारात जुन्या इमारती पाडून नवे मनोरे उभे राहत आहेत, वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींचंही तसंच. अशा ठिकाणी कॅमेरा दिसला की लोकांना आधी सर्व्हेवाला, बिल्डरचा माणूस किंवा वार्ताहर आठवतो. आपण यातलं कुणी नाही हे पहिल्या मिनिटात स्पष्ट करा.

३. सोबत काय न्यायचं

• एक कॅमेरा, एक लेन्स. ३५ किंवा ५० मिलिमीटरची फिक्स (झूम न होणारी) लेन्स पुरते. लांब पल्ल्याची झूम नेऊ नका, पलीकडच्या फुटपाथवरून नेम धरल्यासारखं दिसतं आणि लोकांना ते कळतं.
• मोबाइल असेल तर लेन्स पुसायला मऊ कापड. निम्मे धुरकट फोटो बोटांच्या तेलाचे असतात.
• ओळखपत्र. आधार किंवा कार्यालयाचं, कुठलंही.
• खिशात मावणारी वही आणि पेन्सिल. पावसात पेनाची शाई पसरते.
• आपलं नाव आणि फोन नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या. मी कोऱ्या व्हिजिटिंग कार्डांवर हाताने लिहिते.
• संमतीचा अर्ज, मराठीत आणि हिंदीत, अर्ध्या पानाचा. याबद्दल पुढे.
• मागच्या खेपेच्या प्रिंट्स. हे सगळ्यात महत्त्वाचं.

तिपाई नको. ती उघडली की तुमचं काम "शूटिंग" होतं, आणि मग परवानगीचा कागद कुठे आहे हा प्रश्न येतोच.

४. हाक कशी मारायची

फोटो इथे ठरतो. कॅमेरा गळ्यात असू द्या, झाकण लावलेलं, आणि आधी हाक मारा. धक्क्यावर "मावशी", कुंभारवाड्यात वयस्क बाईला "बा" आणि तिच्या सुनेला "बेन", माटुंग्याला "अम्मा", डोंगरीत "चाचा", वाडीत "अंकल", गिरणगावात "काका" नाहीतर "आजोबा". "एक्सक्यूज मी" म्हणालात की तुम्ही पर्यटक झालात.

मग काम विचारा. "हा शेवंतीचा भाव काय आज?" यापेक्षा मोठी प्रस्तावना लागत नाही. आणि त्यानंतर सरळ : "तुमचा एक फोटो काढू का? पुढच्या रविवारी छापून आणून देते." दुसरं वाक्य गाळू नका, आणि म्हणालात तर पाळा.

नाही म्हणाले तर "बरं" म्हणून तिथेच दोन मिनिटं थांबा, नेहमीसारखं बोला, मग निघा. नकार मिळताच पाठ फिरवली की आधीचं सगळं बोलणं खोटं होतं हे त्यांना दिसतं. मला एका रफूवाल्या चाचांनी चार महिने नकार दिला. पाचव्या महिन्यात स्वतःच म्हणाले, "आज नया चष्मा है, आज निकाल लो."

न विचारता काढलेला फोटो जास्त नैसर्गिक येतो असं पुष्कळजण सांगतील. गर्दीच्या, रस्त्याच्या चित्रात ते खरं असेल. चेहरा हाच विषय असेल तर मला ते पटत नाही. विचारल्यावर चेहरा पहिली दोन मिनिटं ताठरतो, नंतर माणूस कामाला लागतो आणि तुम्हाला विसरतो. त्या दोन मिनिटांसाठी थांबायची तयारी हवी.

५. पहिला फोटो त्यांचा, दुसरा तुमचा

माटुंग्याच्या एका गजरेवाल्या अम्माचा मी फोटो काढला होता. संध्याकाळचा उजेड, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. फक्त चेहरा, चौकटभर. मला तो फार आवडला होता. पुढच्या रविवारी प्रिंट दिली तर तिने ती लांब धरली, जवळ धरली आणि तुटक हिंदीत विचारलं, "हाथ किधर है?"

मी तिच्या हातांकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. डाव्या हाताच्या दोन बोटांत दोरा ताणलेला. उजव्या हाताने चार कळ्या उचलायच्या, दोन इकडे, दोन तिकडे तोंडं करून ठेवायच्या, दोऱ्याचा एक फास, की पुढच्या चार. बोलताना नजर गिऱ्हाइकावर, हात आपले चालूच. अंगठ्याच्या कडेला दोऱ्याने पडलेली खाच होती. दिवसभर ती जे करते तेच मी चौकटीबाहेर टाकलं होतं. दुसरा फोटो तिने सांगितला तसा काढला : कंबरेपर्यंत, मांडीवर केळीचं पान, त्यावर कळ्या, आणि हात मधोमध. माझ्या संग्रहात आज तोच आहे.

तेव्हापासून हा नियम. पहिला फोटो माणूस म्हणेल तसा. कुणी केस विंचरून येतं, कुणी टोपी घालतं, धक्क्यावरची मावशी "थांब गो, साखळी भायेर काढू दे" म्हणते, कुणाला दुकानाच्या पाटीखाली ताठ उभं राहायचं असतं. काढा, मनापासून काढा, घाईने उरकू नका. मग म्हणा, "आता तुम्ही काम करत असताना एक काढते." दुसऱ्यात तुम्हाला हवं ते मिळेल. आणि खरं सांगायचं तर, त्या ताठ उभ्या फोटोंतले कित्येक मला आता जास्त बोलके वाटतात.

६. उजेड आणि अंतर

यावर पुस्तकं भरून माहिती मिळते, म्हणून गल्लीत नेहमी नडतं तेवढंच सांगते.

दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात. माणसाला उंबऱ्यात किंवा दुकानाच्या छपराखाली एक पाऊल आत घ्या, तोंड रस्त्याकडे. रस्त्यावरचा उजेड परतून चेहऱ्यावर मऊ पडतो, मागचं घर आपोआप काळोखात जातं. चाळींचे दरवाजे हा मुंबईतला फुकटचा स्टुडिओ आहे. पावसाळ्यातला ढगाळ दिवस त्याहून उत्तम, फक्त एसी डब्यातून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका. लेन्सवर वाफ धरते, दहा मिनिटं पिशवीतच राहू द्या.

सावळा चेहरा आणि मागे चुन्याची पांढरी भिंत असेल तर कॅमेरा भिंत बघून फोटो गडद करतो आणि चेहरा हरवतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर मोजा. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की ते तिथे लॉक होतं, मग वरखाली सरकवता येतं. उलट चूकही करू नका : चेहरा "उजळ" करणारे फिल्टर बंद ठेवा. कुणाच्या रंगात हात घालायचा अधिकार आपल्याला नाही.

मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते. हातभर अंतरावरून चेहरा काढला की नाक फुगतं आणि कान मागे जातात. दोन पावलं मागे सरका आणि २ एक्स वापरा. पोर्ट्रेट मोड शक्यतो नको, तो टोपलीचा काठ, मोकळे केस आणि पदराची किनार पुसून टाकतो. कॅमेऱ्यावर मी एफ ४ (लेन्सचं छिद्र), शटर १/२५० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) आपोआप एवढं ठेवून देते, मग यंत्राकडे बघावं लागत नाही. हलणारे हात टिपायला शटर एवढं लागतंच.

७. कुठे थांबायचं

सार्वजनिक रस्त्यावर हौसेने फोटो काढायला आपल्याकडे साधारणपणे परवाना लागत नाही. पण यात बऱ्याच अटी येतात, आणि नवख्यांचे पाय इथेच अडकतात.

गोदी, नौदलाचा परिसर आणि बंदराच्या हद्दीत पाट्या वाचा. भाऊचा धक्का आणि ससून डॉक, दोन्हीकडे फाटकावरचा सुरक्षारक्षक काय सांगतो ते ऐका. संरक्षण क्षेत्रांच्या बाबतीत १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा लागू होतो, तिथे "मला माहीत नव्हतं" चालत नाही. रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रणाला आधी परवानगी लागते, आणि हौशी माणसालाही फलाटावर मोठा कॅमेरा काढला की हटकतात. वाद घालू नका, ओळखपत्र दाखवा, निघा.

मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय अजिबात काढू नका. मूल हसून समोर आलं म्हणजे संमती मिळाली असं नसतं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत असतात आणि अनोळखी माणूस मुलांभोवती दिसला की जमाव जमायला वेळ लागत नाही. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या किंवा निराधार मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५च्या कलम ७४ने मनाई आहे, म्हणून सिग्नलवरच्या आणि बालगृहातल्या मुलांचे चेहरे टाकण्याआधी हजारदा विचार करा. मी टाकत नाही.

बायकांच्या बाबतीत : सार्वजनिक नळावर, चाळीच्या मोरीत, कपडे बदलण्याच्या आडोशाला कॅमेरा वळवायचाच नाही. खाजगी क्षण चोरून टिपणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे. रिदा (बोहरा बायकांचा रंगीत बुरखा) घातलेल्या बोहरा बायका गल्लीत दिसल्या की त्या रंगांचा मोह होतो, मलाही झाला. विचारा. कुणी आनंदाने उभी राहते, कुणी मान हलवते. दोन्ही ठीक. कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीत फोटोसाठी जाऊ नका असं मी नवख्यांना स्पष्ट सांगते. तिथे एका चेहऱ्याची किंमत गावाकडच्या अख्ख्या घराला मोजावी लागते.

नमाज, अंत्ययात्रा, मयताचं घर, दवाखान्याची रांग : कॅमेरा पिशवीत.

पैशांचं काय? फोटोसाठी पैसे देऊ नका, पुढच्या माणसाची अडचण होते. गजरा घ्या, मासे घ्या, पणत्या घ्या. मात्र कुणाला कामावरून अर्धा तास उठवलंत तर ती त्याची मजुरी बुडाली. ती द्या, आणि मजुरी म्हणूनच द्या.

फोटो काढून झाल्यावर कुणी "काढून टाका" म्हणालं तर त्यांच्यासमोर काढून टाका, कचऱ्याच्या फोल्डरमधूनही.

८. संमतीचा कागद

स्वतःच्या भिंतीवर लावायला तोंडी होकार पुरतो. प्रदर्शन, स्पर्धा, मासिक यांसाठी लेखी घ्या. जाहिरातीसाठी तर लेखी संमतीशिवाय कुणाचाही चेहरा देऊ नका. अर्जात एवढंच हवं : माणसाचं नाव, तारीख, जागा, फोटो कुठे कुठे वापरायला हरकत नाही याच्या खुणा, नाव छापायचं की नाही, आणि तुमचा फोन नंबर. अर्ज वाचून दाखवा. एक प्रत त्यांच्याकडे.

फोटोचा स्वामित्वहक्क साधारणपणे काढणाऱ्याचा असतो आणि त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण चेहरा त्यांचाच राहतो, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलेलं आहे. स्पर्धांचे नियम बारीक अक्षरांत वाचा. एका स्पर्धेला मी कुंभारवाड्यातल्या एका कारागिराचा फोटो दिला होता. त्यांनी फोटोखालची माझी ओळ काढून तिथे "झोपडपट्टीतलं जगणं" असं छापलं. त्या माणसाच्या चाकावर त्याच्या आजोबांपासून मडकी घडत आली आहेत, घरात तीन पिढ्या राहतात, आणि त्याला आपण गरिबीचा नमुना म्हणून छापले गेलो हे त्याच्या शाळकरी मुलाने वाचून दाखवलं. मी जाऊन माफी मागितली. त्याने चहा दिला, पण पुढचं वर्षभर कॅमेऱ्यापुढे आला नाही. आता ओळ बदलणार नाही असं लेखी मिळाल्याखेरीज मी फोटो देत नाही.

९. नाव लिहा

१८६०च्या दशकात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड लंडनला छापले. बरीच माणसं एका जागी उभी करून टिपली आणि मुंबईच्या दुसऱ्याच दृश्यांवर बसवली. खाली जात किंवा धंदा. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव शोधू गेलात तर बहुतेक सापडत नाही. दीडशेहून जास्त वर्षं लोटली, आणि आपण अजून "कोळीण", "बोहरी म्हातारा", "मद्रासी गजरेवाली" अशाच ओळी लिहितो.

मीही लिहिल्या. धक्क्यावरच्या प्रत्येक बाईला मी वहीत कोळीण लिहीत होते. एकीने वही मागितली, वाचली आणि म्हणाली, "मी रत्नागिरीची भंडारीण. मासळी विकते म्हणून कोळीण झाले काय?" तेव्हापासून अंदाजाने काहीच लिहीत नाही. नाव विचारते, गाव विचारते, किती वर्षं इथे बसता ते विचारते, आणि त्या सांगतील त्या शब्दांत उतरवते. नाव छापायची इच्छा नसेल तर छापत नाही, पण वहीत असतं. फोटोचा नंबर आणि वहीतला नंबर त्याच संध्याकाळी जुळवा. दुसऱ्या दिवशी चेहरे आठवतात, नावांची अदलाबदल होते.

आपलं स्वतःचं नावही सोडू नका, विशेषतः मुलींनो. होमाई व्यारावाला यांनी तीसच्या दशकात याच शहराच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायला सुरुवात केली तेव्हा ते नवऱ्याच्या नावाने छापले जात. आणि एकाच कामाला किती काळ धरून राहता येतं हे बघायचं असेल तर सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे काढलेले फोटो बघा. ते फोटो रस्त्यावरून जाताजाता मिळणारे नाहीत.

१०. प्रिंट नेऊन द्या

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो गुड मॉर्निंगच्या ढिगात जातो. छापून द्या. चार बाय सहाची प्रिंट कोपऱ्यावरच्या स्टुडिओत थोड्या पैशांत होते. मॅट कागद घ्या, त्यावर बोटांचे ठसे कमी उठतात. मागे पेन्सिलने नाव, तारीख आणि वहीतला नंबर लिहा. धक्क्यावर नेताना प्रत्येक प्रिंट वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात घाला, कारण ती ओल्या हातांनीच घेतली जाते, खवलं चिकटतात आणि मग ती चारचौघींच्या हातांतून फिरते.

पोचल्या पोचल्या नवीन फोटो काढायला लागू नका. आधी वाटप. माणूस त्या दिवशी नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवू नका, पुढच्या खेपेला पुन्हा न्या. माझ्या पिशवीत आत्ता पाच पाकिटं आहेत. त्यांतलं एक फूलबाजारातल्या हमाल काकांचं. ते गावी गेलेत आणि गणपती झाल्यावर येतील असं त्यांच्या जोडीदाराने सांगितलंय.